मॉर्मन विद्यापीठातला चहाचा सत्याग्रह

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा! मागे हे ऐकताना एकाला असा ठसका लागला की चहा नाकातून आला, आणि त्याच्या बायकोनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

माणूस मूर्खपणा करतो तो बहुधा आपल्या गावात. चार लोक हसतात, आठवड्यानं विसरतात. मी तो सातासमुद्रापार जाऊन केला. बर्फाच्या दिवसात, परक्या देवाच्या देवळात, पांढरेशुभ्र कपडे घालून! आणि कशासाठी? तर ह्यासाठी. ह्या कपातल्या ह्याच्यासाठी!

मी तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकत होतो. घर चिंचवडात. माझ्या वर्गात सोपान नावाचा एक मित्र होता, चाकणजवळच्या महाळुंग्याचा. घरची कांद्याची शेती, अंगानं आडदांड, आणि बोलणं अस्सल मावळी. एकदा अमेरिकेतले एक म्हातारे प्रोफेसर आमचं कॉलेज बघायला आले. त्यांना कांद्याची शेती बघायची होती. सर म्हणाले, सोपान, तुझ्याकडेच ने.

गेलो महाळुंग्याला. प्रोफेसरांनी शेत बघितलं, माती हातात घेऊन वास घेतला, खूश झाले. ओसरीवर आल्यावर सोपानच्या आईनं गुळाचा चहा आणून पुढं ठेवला.

"नो, थँक्यू," प्रोफेसर हसून म्हणाले.

सोपानच्या आईचा चेहरा उतरला. "का रं सोपाना? आमच्या हातचं चालत न्हाई व्हय ह्येला?"

प्रोफेसर बिचारे गडबडले. त्यांनी चुलीपाशी ठेवलेल्या दुधाकडे बोट दाखवलं. पेलाभर दूध प्याले. मग आणखी एक पेला प्याले. आई लगेच फुलली. "दुधावर वाढलेलं लेकरू दिसतंय," असं तिनं शेजारणीला सांगितलं. लेकरू साठीच्या घरात होतं.

आता तुम्हीच सांगा, आम्हाला तिथंच शंका यायला नको होती? पण नाही! आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला दूध आवडतं. विषय संपला.

पुढं त्याच प्रोफेसरांनी खटपट करून आम्हा दोघांना आपल्या विद्यापीठात शिकायला बोलावून घेतलं. युटा नावाचा प्रांत. विद्यापीठ मॉर्मन पंथाचं आहे, एवढं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, असेना! आपण शेती शिकणार, कीर्तन नाही. घरून निघताना वडील एवढंच म्हणाले, "वसंता, काहीही कर, पण धर्म बुडवून येऊ नकोस."

बोटीचे हाल, मग आगगाडीचे हाल, ते सगळं सोडून देतो. पोचल्यावर पहिल्या सकाळी आम्ही होस्टेलच्या भोजनगृहात गेलो. दूध होतं. संत्र्याचा रस होता. आणखी दूध होतं. मी वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "चहा कुठाय?"

बाई गोड हसल्या. "चहा नसतो, बाळा. कोको देऊ?"

"मग कॉफी?"

आता त्या हसल्या नाहीत.

तर मंडळी, मॉर्मन म्हणजे ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ. माणसं कष्टाळू, हसतमुख, देवाला भिऊन वागणारी. आपले देहू-आळंदीकडचे माळकरी असतात ना, तशीच. दारू नाही, तंबाखू नाही. पण माळकरी चहा पितो हो! सकाळी चार वाजता उठून देवाच्या आधी चहा पितो! ह्यांच्यात तो वर्ज्य. देवानं सांगितलंय म्हणे.

चहा नाही एवढंच असतं तरी मी सोसलं असतं. पण प्रार्थनेला हजर राहिलंच पाहिजे. नाच शिकवायचे, पण मुलीच्या आणि आपल्यामध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. मुलींच्या होस्टेलचं फाटक दिवेलागणीनंतर लगेच बंद. आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाला माझ्या आत्म्याची काळजी माझ्यापेक्षा जास्त!

चहावाचून सोपानचं डोकं इतकं दुखायचं की तो फडकं बांधून वर्गात बसायचा. "राव," तो मला म्हणाला, "आमची म्हस बी रेडकाला एवढं दूध पाजत न्हाई. आणखी महिनाभर ऱ्हायलो तर शिंगं फुटतील मला."

मी वॉर्डनकडे गेलो. अगदी नम्रपणे म्हटलं, "आम्ही तुमच्या पंथाचे नाही. आमच्यापुरता चहा मिळावा."

"नियम सगळ्यांना एकच," वॉर्डन म्हणाले.

माझं टाळकं सरकलं! आम्ही कोण? स्वातंत्र्य मिळालेल्या देशाची पोरं. दीडशे वर्षांचं राज्य सोडून इंग्रज गेला, आणि जाताना चहा मागे ठेवून गेला. त्यानंसुद्धा चहाला हात लावला नाही! आणि हे लोक आम्हाला दूध पाजून गप्प बसवणार? मिठासाठी देश उठला होता. मी चहासाठी एकटा उठेन!

"मी बी हाय," सोपान म्हणाला. "पर म्होरं तू ऱ्हा."

संधी लवकरच आली. तिथं महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उपास करतात. उपास म्हटल्यावर आम्ही दोघं खूश झालो. म्हटलं, निदान बटाटा तरी मिळेल. कसला बटाटा! पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि त्या उपाशी पोटी सगळे देवळात जमतात. तिथं असं असतं, की ज्याला काही बोलावंसं वाटेल त्यानं उठावं, पुढं जावं आणि सगळ्यांसमोर मन मोकळं करावं.

मला वाटलं, वा! ही तर गावसभा. गाऱ्हाणी मांडायची जागा!

खरं म्हणजे ती आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची जागा होती. पण हे मला कोण सांगणार?

"बोल बिनधास," सोपान कानात म्हणाला. "पर देवळात चहाचं नाव काढू नगंस. आधीच उपाशी हायेत, खवळतील."

सल्ला मला पटला. मी कोटाची बटणं लावली आणि ताठ मानेनं व्यासपीठावर गेलो.

"बंधूंनो आणि भगिनींनो," मी म्हणालो, "तुमच्यात आल्यापासून मी तहानलेला आहे!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला जोर चढला.

"तुमचं पाणी चांगलं आहे. दूध तर फारच चांगलं आहे. पण माझी तहान त्यानं भागत नाही! मी इतका लांब आलो, तेव्हा मला कळलं की माझ्यात काय कमी आहे. मी सकाळी उठतो तेव्हा मला जगात अंधार दिसतो. डोकं जड होतं. हात थरथरतात. मला काय हवंय, ते तुम्हाला ठाऊक आहे. नाव घ्यायची गरज नाही!"

पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी रुमाल काढला.

मी म्हटलं, बघा, पाझर फुटतोय! आवाज आणखी चढवला. "ते देणं तुमच्या हातात आहे. मी सगळ्यांसमोर मागतो आहे. मला लाज वाटत नाही! आणि मिळाल्याशिवाय मी मागे हटणार नाही!"

खाली उतरलो तर अर्धी सभा रडत होती. आपले दुधावर वाढलेले म्हातारे प्रोफेसर तर हुंदके देत होते. त्या देवळाचे मुख्य म्हणजे बिशप. झगाबिगा काही नाही. आठवडाभर बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा, शेतकऱ्यासारखे रापलेले हात असलेला साधा माणूस. त्यांनी मला मिठी मारली.

"ब्रदर वसंत," ते म्हणाले, "इतक्या तळमळीनं मागणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. तुझी तहान आम्ही भागवू. शनिवारी दुपारी ये. टॉवेल घेऊन ये."

बाहेर आल्यावर सोपानला म्हटलं, "जिंकलो!"

"टावेल कशापायी?" सोपानला शंका.

"अरे, गरम कप धरायला!"

त्या आठवड्यात माझा काय थाट होता सांगू! घरोघरच्या बायका केक पाठवत होत्या. अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून हात हातात घेत होती. दोन तरुण मुलं, काळे सूट घालून, रोज मला भेटायला येऊ लागली. ती काहीतरी वाचून दाखवायची, मी मान डोलवायचो. म्हटलं, चहा मिळणार असेल तर चार शब्द ऐकायला काय जातं?

"तुम्हाला हे मनापासून हवं आहे ना?" त्यातल्या एकानं विचारलं.

"मनापासून!"

"एकदा घेतलं की सोडायचं नसतं, बरं."

"अहो, सोडतोय कोण? जन्मभर घेईन! दिवसातून चार वेळा घेईन!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "चार वेळा नाही, ब्रदर. आयुष्यात एकदाच घ्यायचं असतं."

"तुमच्यात एकदा घेत असतील," मी ठणकावून सांगितलं. "आमच्याकडे पाहुणा आला तरी पुन्हा घेतात!"

दोन्ही पोरं वेड्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बिचारी! चहा कसा पितात हेसुद्धा ह्यांना माहीत नाही.

शनिवार उजाडला. बाहेर बर्फ पडत होतं. टॉवेल खांद्यावर टाकून मी आणि सोपान देवळात हजर. दारातच एकानं माझ्या हातात पांढरा शर्ट आणि पांढरी पँट दिली. घाला म्हणाला. मी घातली. सोपान म्हणाला, "लई सोवळ्यात पाजत्यात वाटतं."

आम्हाला तळघरात नेलं. तिथं माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणीतरी पेटी वाजवत होतं. आणि समोर, फरशी बसवलेला, कमरेएवढा खोल एक मोठा हौद. हौदात पाणी. पाण्यावरून वाफा निघत होत्या!

सोपाननं माझं मनगट धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. "राव! हौदभर आधन ठिवलंय रं आपल्यासाठी!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण क्षणभर मलाही तेच वाटलं. उपाशी माणसाला चंद्र भाकरीसारखा दिसतो म्हणतात, तसा मला तो हौद दिसला. मी डोळ्यांनी चहाची पुडी शोधायला लागलो.

तेवढ्यात बिशप आले. तेही पांढऱ्या कपड्यांत. ते सरळ पायऱ्या उतरून त्या पाण्यात शिरले, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "ये, ब्रदर वसंत. एकदाच खाली बुडवीन. घाबरू नकोस."

बुडवीन?

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला! तहान, अंधार, एकदाच घ्यायचं, जन्मभर सोडायचं नाही... अरे देवा! वडील म्हणाले होते धर्म बुडवू नकोस. इथं तर धर्मासकट मलाच बुडवायला निघाले होते!

सगळे माझ्याकडे बघत होते. पेटी थांबली. पळून जावं म्हटलं तर माझी पँट कुठं ठेवली ते माहीत नाही, आणि बाहेर बर्फ. मग माझ्यातला तोच हट्टी माणूस जागा झाला. मी हौदाच्या काठावर उभा राहिलो आणि ओरडलो, "मला बाप्तिस्मा नकोय! मला चहा हवाय!"

"दोन कप!" मागून सोपान.

 बिशपचे हात तसेच पसरलेले. मी थांबलो नाही. "त्या दिवशी मी चहाच मागत होतो. आजही मागतोय. उद्याही मागेन! तुमचा देव तुम्हाला लखलाभ. मला माझा कप द्या!"

बिशप हळूहळू पाण्यातून वर आले. ओल्या कपड्यांनी माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता बहुतेक परतीची बोट. पण तो माणूस मोठा होता हो.

"कुणाला त्याच्या मनाविरुद्ध आम्ही पाण्यात घालत नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण चहाही देत नाही." आणि स्वतःचा टॉवेल शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी घरोघरचे केक बंद झाले. पण एक नवलच घडलं. भोजनगृहात डेल नावाचा एक लाल केसांचा मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "जे आम्हाला जन्मात बोलता आलं नाही ते तू हौदावर उभा राहून बोललास."

आणि मग एकेक करून येऊच लागले! कुणाला प्रार्थनेची सक्ती नको होती. कुणाला कॉफी प्यावीशी वाटत होती. लुईस नावाची एक मुलगी होती, बिशपची सख्खी पुतणी. ती म्हणाली, "फाटक लवकर बंद करतात, त्याचं काही नाही. पण प्रत्येक गोष्टीत मी होच का म्हणायचं? का म्हणून एकदा विचारलं तर बिघडलं काय?"

 माझ्यासाठी सवाल एका कपाचा होता, तिच्यासाठी घरादाराचा. मला एकदम भरून आलं. मी त्या टेबलावर मूठ आपटून म्हटलं, "सत्याग्रह करू!"

तो शब्द त्यांना मी समजावून सांगितला. नियम मोडायचा, पण लपून नाही. हाणामारी नाही. शिक्षा होईल ती हसत सोसायची. डेल तर नाचायलाच लागला. "आमच्या लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकून बंड केलं होतं. आपण पिऊन करू!"

ठरलं! येत्या शनिवारी दुपारी होस्टेलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत, सगळ्यांनी मिळून उघडउघड चहा प्यायचा. वॉर्डनला मी स्वतः जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, "बिशपना कळवतो." मी म्हटलं, "जरूर कळवा!" अहाहा! काय तो रुबाब!

डेलनं शहरातल्या दुकानातून चहाची पत्ती आणली. खोलीत विजेची शेगडी होती. मोठं पातेलं ठेवलं. बंडखोर मंडळी गोल करून उभी. लुईस सगळ्यांत पुढं, ओठ घट्ट मिटून, जणू फासावर चालली आहे. आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. हिंदुस्थानातून आलेला चहाचा महर्षी!

मी शेगडी चालू केली. पातेल्याकडे बघितलं. आणि बघतच राहिलो.

मंडळी, मी उभ्या जन्मात चहा केलेला नव्हता!

सकाळी उठलं की आईनं समोर आणून ठेवायचा. नाहीतर पुण्यात अमृततुल्यमध्ये बसून मागवायचा. तो कसा होतो, ह्याचा विचार केला होता कुणी? मी सोपानला मराठीत विचारलं, "आधी काय घालायचं रे?"

"मला काय इचारतो? म्या पिणारा माणूस."

"अरे, घरी बघितलं असशील ना?"

"आय चुलीपाशी फिरकू देती व्हय?"

"काय म्हणतोय तो?" डेलनं विचारलं.

"मंत्र म्हणतोय," मी म्हटलं. आता माघार नाही! मी आधी दूध ओतलं. मग पाणी. मग वाटलं, सत्याग्रहाचा चहा आहे, कडक हवा. अख्खी पुडी रिकामी केली. चहा उकळू लागला. काळा पडला. मुंबई-पुणे रस्त्यावर ओततात ते डांबर असतं ना, तसा रटरटायला लागला. मी म्हटलं, आणखी उकळू दे, जितका उकळेल तितका भारी!

"सुंठ घालू का?" सोपाननं विचारलं. त्याच्या आईनं पोटदुखीसाठी औषधाच्या पुरचुंड्या बांधून दिल्या होत्या. "सुंठीबिगर काय चव?"

"घाल की, मूठभर घाल!"

त्यानं पळत जाऊन पुरचुंडी आणली आणि मूठभर पूड घातली. वास जरा वेगळा आला. पण आम्ही इतके दिवस चहाचा वासच घेतला नव्हता, आम्हाला काय कळणार? ती सुंठ नव्हती. ते वेखंड होतं.

वेखंड! बाळाच्या टाळूला चिमूटभर लावतात ते! पोटात घ्यायचं तर सहाणेवर एकच वळसा उगाळतात ते! मूठभर!

कप भरले. मी कप उंच धरून छोटंसं भाषण केलं. स्वातंत्र्य वगैरे. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बिशप आले होते.  दाराला टेकून उभे राहिले. लुईसनं आपल्या काकांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि कप तोंडाला लावला. तिच्यामागून सगळ्यांनी लावला.

पुढचं काय सांगू! डेलचे डोळे गरगर फिरले. एकानं घोट तोंडातच धरून मोरीकडे धाव घेतली. एक जण भिंतीला धरून देवाचं नाव घेऊ लागला, आणि तो तर प्रार्थनेच्या सक्तीविरुद्ध आला होता! लुईसनं मात्र घोट गिळला. शूर मुलगी! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कप खाली ठेवून ती काकांना म्हणाली, "मी विचारत होते ना, का म्हणून? मिळालं उत्तर."

हळूहळू सगळं बंड जिना चढून वर गेलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या दिवशी जागा पुरली नाही म्हणतात.

खाली उरलो मी, सोपान आणि पातेलं. बिशप अजून दारातच. ते बघताहेत म्हटल्यावर मी हार मानणार? छे! मी त्यांच्या डोळ्यांदेखत माझा कप तोंडाला लावला आणि संपवला. वर म्हटलं, "फर्स्ट क्लास!" आणि दुसरा कप भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी अंथरुणात आडवा, पोट धरून. आता विद्यापीठातून काढून टाकणार, म्हणून मनाची तयारी करत होतो. दार उघडलं. बिशप, हातात गरम सूपचं भांडं. ते माझ्या उशाशी बसले. स्वतःच्या हातानं मला सूप पाजलं.

"मला माफी मागायची नाही," मी क्षीण आवाजात, पण ठासून म्हणालो. "मी पुन्हा करीन!"

"तेच सांगायला आलोय, ब्रदर वसंत," बिशप म्हणाले. "इतकी वर्षं मी घसा फोडून प्रवचनं करतोय, पण ह्या पोरांच्या मनातला संशय जात नव्हता. तो तुझ्या एका घोटात गेला. तू आमच्या पंथात आला नाहीस तरी चालेल. पण दरवर्षी नवी मुलं आली, की हा चहा तेवढा करत जा!"